रडारला बंडी दिसते का?

यंदा पाडव्याला गाडी घ्यायचं मनात असलेली माणसं माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येताहेत. हातातली गाडी पाच-सहा वर्षांची, इंजिन ठणठणीत, पण नव्या मॉडेलमध्ये ॲडास ही चालकाच्या मदतीची यंत्रणा आहे. बदलून टाकू का? 2020 साली एमजी ग्लॉस्टरमध्ये आणि 2021 साली चाकणला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही 700 मध्ये ही यंत्रणा आली, तेव्हा यवतमाळात ती पैसेवाल्यांची हौस समजली गेली. पुढच्या चार वर्षांत ती छोट्या गाड्यांपर्यंत उतरली, आणि 2025 मध्ये मारुतीनेही व्हिक्टोरिसमध्ये दिली. आता आर्णी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरही "लेव्हल टू हाय का?" असं विचारतात.

पुण्याकडे गाड्यांच्या चाचण्यांमध्ये मी काही वर्षं हेच काम केलं. मऊ फोमची खोटी गाडी रुळावरून ओढायची, पाय हलवणारा खोटा माणूस रस्त्यात सोडायचा आणि खरी गाडी कुठे ब्रेक लावते ते मोजायचं. नंतर गावी येऊन वर्कशॉप टाकलं. त्यामुळे शोरूममध्ये सांगतात ते आणि यवतमाळच्या रस्त्यावर होतं ते, या दोन्हींमधलं अंतर रोज दिसतं.

लेव्हलचं आधी संपवतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने शून्य ते पाच अशा पायऱ्या पाडल्या आहेत. गाडी चालवण्याची जबाबदारी कुणाकडे किती, एवढंच त्या सांगतात. यंत्रणा किती चांगली, याचा त्यात पत्ता नाही. लेव्हल टू म्हणजे स्टिअरिंग आणि वेग गाडी एकाच वेळी सांभाळेल, पण रस्त्यावर नजर तुमची आणि गुन्हाही तुमच्यावर. काचेमागे एकच कॅमेरा असलेली गाडी लेव्हल टू असू शकते, आणि कॅमेऱ्याच्या जोडीला चार-पाच रडार असलेलीही लेव्हल टूच. तेव्हा हा आकडा विचारून गाडी घेणं म्हणजे पोत्यावरचा शिक्का वाचून बियाणं घेणं.

पोत्यात काय आहे ते पाहू. सगळ्यात भाव खाणारी गोष्ट म्हणजे गाडीला लेनमध्ये धरून ठेवणं. बुटीबोरी–वर्धा–कळंब–यवतमाळ–आर्णी–उमरखेड असा नांदेडकडे जाणारा 361 क्रमांकाचा महामार्ग चौपदरी झाला, पट्टे ठसठशीत आहेत, तिथे हे बरं चालतं. पण पाऊस पडून गेल्यावर शेतातून ट्रॅक्टर वर आला की चाकांची काळी माती कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर पसरते. कॅमेऱ्याच्या लेखी मग रस्त्याला काठच उरत नाही. दारव्हा–दिग्रसकडे गेलात तर पट्टा असेल तिथे असेल. शिवाय बहुतेक गाड्यांत ही सोय ताशी 60 किलोमीटरच्या आसपास जागी होते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने 2024 मध्ये तपासलं, तेव्हा अशा अर्ध-स्वयंचलित चालवण्याने अपघात कमी होतात याचा पटण्यासारखा पुरावा तिला मिळाला नाही. ती आरामाची सोय आहे. आरामासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही, फक्त सुरक्षेच्या नावाखाली मोजू नयेत.

खरी किंमत आहे ती आपोआप लागणाऱ्या ब्रेकला. त्याच संस्थेच्या अभ्यासात पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे अपघात या ब्रेकमुळे जवळजवळ निम्मे झालेले दिसले. पायी चालणाऱ्यांना धडकण्याचे अपघातही सुमारे 27 टक्के कमी झाले. मात्र त्याच आकडेवारीत एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: दिवे नसलेल्या रस्त्यावर, रात्री, पादचाऱ्यांच्या बाबतीत काहीच फरक दिसला नाही. आपल्या जिल्ह्यातला गावाबाहेरचा रस्ता रात्री कसा असतो, हे इथे कुणाला सांगायला नको.

आता बंडीकडे, म्हणजे बैलगाडीकडे येतो. कापूस निघायला लागला की अंधार पडताना बंड्या घराकडे वळतात. मागे दिवा नाही, कुणी रेडियमची पट्टी चिकटवलेली असली तर नशीब. गाडीचं रडार 77 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग काढतं. वेग काढण्यात ते पटाईत आहे; न हलणाऱ्या वस्तूंची मात्र त्याला पंचाईत. मैलाचा दगड, पुलाचा कठडा, वरची लोखंडी पाटी, सगळ्यांकडूनच लहरी परत येतात. प्रत्येकाला पाहून ब्रेक लावला तर मागचा ट्रक तुमच्या डिकीत. म्हणून जुन्या यंत्रणा उभ्या वस्तूंचे बरेचसे इशारे गाळून टाकतात. बंडी उभी नसते, पण बैलाच्या चालीने चालणारी वस्तू रडारच्या हिशेबात उभ्याच्याच जवळ. त्यात लाकूड आणि कापूस लोखंडाइतक्या लहरी परत पाठवत नाहीत.

मग उरतो कॅमेरा. तो शिकवलेलंच ओळखतो: गाडीची पाठ, ट्रक, मोटरसायकल, सायकल, माणूस. 2016 मध्ये निघालेला सिटीस्केप्स नावाचा प्रसिद्ध चित्रसंग्रह जर्मनीतल्या आणि शेजारच्या देशांतल्या शहरांतला. त्यात ऑटोरिक्षाचं नावसुद्धा नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी पुढे भारतीय रस्त्यांचा संग्रह केला. हैदराबाद, बंगळूर आणि आसपासची सुमारे 10,000 चित्रं, 34 प्रकारची लेबलं. त्यात ऑटोरिक्षा आली, जनावर आलं, आणि कुठल्याच नावात न बसणाऱ्या वाहनांसाठी एक वेगळा गटही ठेवावा लागला. आपली बंडी त्या गटातली. गाडीतला कॅमेरा नेमका कशावर शिकला, हे कंपन्या सांगत नाहीत.

गावाकडच्या पांदण रस्त्यावर मी हे दिवसाउजेडी, पायी चालण्याच्या वेगात करून पाहिलं. ब्रेकची परीक्षा घेतली नाही, पडद्यावर काय उमटतं तेवढं पाहिलं. ट्रॅक्टर ट्रक म्हणून उमटला. कडबा लादलेली बंडी पहिल्या पिढीच्या गाडीत उमटलीच नाही. गडी खाली उतरून बाजूने चालायला लागला तेव्हा माणसाचं चित्र आलं. नव्या पिढीच्या एका गाडीने बंडीला नाव दिलं नाही, पण जवळ गेल्यावर पुढे काहीतरी आहे म्हणून ओरडली. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. तरी नव्या यंत्रणांतला खरा बदल याच दिशेचा आहे: वस्तू ओळखता आली नाही तरी रस्ता मोकळा नाही एवढं कळणं, आणि काही नव्या रडारना उंचीही मोजता येणं, म्हणजे वरची पाटी आणि समोरची ट्रॉली वेगळी पडते. ज्यांच्याकडे 2021-22 ची ॲडासवाली गाडी आहे त्यांना हे सॉफ्टवेअर भरून मिळेल अशी आशा असते. रडार आणि कॅमेरे जुनेच राहिले तर सॉफ्टवेअर फार पुढे नेत नाही.

दुसरा बदल दुचाकीचा. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने आपोआप ब्रेकची परीक्षा 2014 मध्ये सुरू केली, पण मोटरसायकल त्या परीक्षेत 2023 ला आली. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, शोरूममध्ये पडदा पाहू नका, गाडीचं मॅन्युअल मागा. ब्रेकच्या प्रकरणात मोटरसायकल, रात्र आणि किती वेगापर्यंत, हे शब्द शोधा. मर्यादांची पानं नेहमी जास्त असतात आणि तीच प्रामाणिक असतात.

माझ्या मावसभावाचं यवतमाळात कृषी केंद्र आहे. उधारीच्या वसुलीसाठी पांढरकवड्याकडे रोजची चक्कर, परतताना हमखास रात्र. त्याने विचारलं, "काऊन रे, रोही आडवा आला तं थांबन का थे गाडी?"

व्होल्वोने 2016 च्या सुमारास मोठी जनावरं ओळखणारी यंत्रणा काढली, स्वीडनमधल्या मूससाठी. ऑस्ट्रेलियात ती कांगारूपुढे अडखळली. जमिनीच्या आधाराने ती अंतर मोजत होती, आणि उडी मारलेला कांगारू तिला आहे त्यापेक्षा लांब वाटे. आपला रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारूनच रस्त्यावर येतो. दादाला म्हटलं, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

मग कागद घेऊन त्याच्यासाठी हिशेब मांडला. ताशी 80 ने जाताना तू सेकंदाला 22 मीटर सरकतोस. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 33 मीटर. पुढे थांबायला चांगल्या टायरवर 35. एकूण 68 मीटर, आणि डिपरच्या उजेडात बिनदिव्याची बंडी तेवढ्या लांबून दिसत नाही. यंत्राने धडकेच्या सव्वा सेकंद आधी पूर्ण ब्रेक लावला असं धरलं, तर 80 चा वेग 40 च्या आत येतो. धडक होतेच, पण तिचा जोर चौथाईवर. हे थोडं नाही, जीव वाचतो. आता तूच रात्री 60 ने गेलास तर? दीड सेकंदाचे 25 आणि ब्रेकचे 20, एकूण 45 मीटर. वाचलेले 23 मीटर फुकटचे. हेडलाइटची दिशा नीट करून घे, टायर बदल, काच आतून पूस. त्याच्या रोजच्या रस्त्यासाठी माझं उत्तर एवढंच होतं. त्याच्या गाडीत घसरती गाडी सावरणारी ईएससी किंवा पुरेशा एअरबॅग नसत्या, तर बदल म्हणालो असतो, आणि ॲडासचं नावही काढलं नसतं.

पण दादाची मुलगी पुण्याला शिकते. धामणगावजवळून समृद्धी धरायची आणि तासन्‌तास 120 ची मर्यादा असलेला सरळसोट रस्ता. तिथे डोळा लागतो, कडेला ट्रक उभा असतो. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ, लेन सुटली की कुरकुरणारी सूचना आणि आपोआप ब्रेक, हे त्या रस्त्यावर पैसे वसूल करतात. बसस्टँड चौकात मात्र तोच क्रूझ बंद ठेवावा. त्याने सोडलेल्या जागेत ऑटो शिरतो, गाडी दचकून ब्रेक मारते आणि मागचा शिव्या घालतो.

घेतलीच तर सांभाळायची कशी, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. कॅमेरा आरशामागे काचेला असतो. गिट्टीच्या टिप्परमागे काच तडकली आणि बदलली की कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवावी लागते. एक अंशाची चूक 60 मीटरवर एक मीटरची होते, म्हणजे शेजारून जाणारी मोटरसायकल समोर आहे असं गाडीला वाटू शकतं. त्यासाठी सपाट फरशी, ठरावीक फलक आणि त्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. काही गाड्या मला नागपूरलाच पाठवाव्या लागतात. विमा घेताना काचेबरोबर हा खर्च मिळतो का, ते लिहून घ्या. बंपर ठोकला गेला तर पुट्टीचा जाड थर देऊ नका, मागे रडार आहे. आणि दसऱ्याला झेंडूचा ओला हार लोगोवर लोंबत ठेवून "रडार बंद पडलं" म्हणून फोन करणारे दरवर्षी वाढताहेत. पूजा झाली की हार काढा, देव रागावत नाही.

माझा स्वतःचा जीव जास्त अडकतो तो मोठ्या गाड्यांत. वणीकडचे कोळशाचे ट्रक मागे लागले की तुमच्या गाडीतल्या ब्रेकचा उपयोग काय? नागपुरात 2021 मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पाखाली शहर बसमध्ये धडकेची आधी सूचना देणारे कॅमेरे बसवले गेले, आणि मार्च 2025 मध्ये केंद्राने नव्या बस-ट्रकना आपोआप ब्रेक आणि डुलकीची सूचना सक्तीची करण्याचा मसुदा काढला. ते रस्त्यावर दिसायला वर्षं लागतील, जुने ट्रक काही लगेच मोडीत निघत नाहीत.

दादाने शोरूमकडे दोन गोष्टी मागितल्या: मॅन्युअल आणि पांढरकवडा रस्त्यावर अंधारात टेस्ट ड्राइव्ह. मॅन्युअल मिळालं. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सातला देऊ म्हणाले. बुकिंगचे पैसे मात्र कापूस विकला जाऊन उधारी सुटल्याशिवाय भरणार नाही म्हणतो, म्हणजे पाडवा हुकलाच.