तिसऱ्या सिलिंडरातील पाणी

शापोरा नदीच्या पेडण्याकडील तीरावर आमचा एक जुना लाकडी ट्रॉलर आहे. त्याच्या पोटातील सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन वयाने आमच्याहून फारसे धाकटे नाही. 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारीस बंदी असते. तेवढीच त्यास विश्रांती.

गतवर्षी 29 जूनला, संत पेद्रूच्या सणादिवशी, पाहुण्यांस इंजिनाचा आवाज ऐकविण्याच्या हौसेने आम्ही थोरल्या बंधूंस न विचारता स्टार्टर दाबला. 'ठक्' असे होऊन इंजिन अडले. पुन्हा दाबला, तेव्हा चार फेरे धडधडून ते निमाले. आम्ही मुकाट्याने फळी लावली आणि घरी कोणास काही बोललो नाही.

जुलैअखेर बंधूंनी मेस्ताला आणले. त्याने स्टार्टरला हातही लावला नाही. प्रथम तेलाच्या चेंबरचा खालचा नट सैल केला. तेलाआधी पाणी आले. पाणी जड, म्हणून तळाशी बसते. त्याने एक थेंब जिभेला लावला. (वाचकांनी हे करू नये!) "खारट नाही," तो म्हणाला. खारट असते, तर खाऱ्या पाण्यावर थंड होणाऱ्या भागांपैकी एखादा फुटला असे समजावयाचे. गोड्या पाण्याची टाकीही काठोकाठ भरलेली होती. मग मेस्ताने वर पाहिले. सायलेन्सरच्या उभ्या नळावरील पत्र्याचे टोपण वाऱ्याने उडाले होते! ज्या सिलिंडराचा वॉल्व्ह उघडा राहिला होता, त्यात पाऊस साचला होता.

"कोणी स्टार्टर मारला होता काय?" मेस्ताने विचारले.

"छे, मेस्ता! कोणी हातसुद्धा लावला नाही," बंधू म्हणाले.

नुसते पाणी साचले असेल तर काढता येते, गंज साफ करता येतो. पण पाणी हवेसारखे दाबले जात नाही; पिस्टन त्यावर आपटला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. असा रॉड कधी भर समुद्रात तुटून इंजिनाची भिंत फोडील, सांगता येत नाही. आणि ट्रॉलरवर बंधूंसह पाच माणसे असतात. आम्ही सारे सांगून टाकले. बंधू रागावले असते तर बरे वाटले असते. ते नदीकडे पाहत राहिले.

मेस्ताने सर्व नोझल काढून इंजिन पहारीने हळूहळू फिरविले. तिसऱ्या सिलिंडरातून तांबूस पाण्याची पिचकारी उडाली. नंतर प्रत्येक पिस्टन अगदी वर आणून त्याने नोझलच्या भोकातून तार आत सोडली व तारेवर खूण केली. पाच खुणा सारख्या. तिसऱ्या सिलिंडराचा पिस्टन मात्र दोनएक मिलिमीटर खालीच राहत होता. सरळ रॉड आखूड होत नाही.

ऑगस्टचे पहिले तीन आठवडे, म्हणजे सुंगटांचा भर हंगाम, इंजिन खोलण्यात गेला. खर्चासाठी आईच्या दोन बांगड्या गहाण पडल्या. त्या अद्याप सुटावयाच्या आहेत.

यंदा मे महिन्याच्या अखेरीस बंधूंनी आमच्या हाती पत्र्याचे नवे टोपण आणि तारेचे वेटोळे दिले. आम्ही तार तीनदा पिळून टोपण घट्ट बांधले. सायंकाळी ते स्वतः शिडी चढून वर गेले आणि टोपण हलवून पाहून खाली उतरले.