पिंगळा आणि रानपिंगळा

८ फेब्रुवारी, शहादा

विश्रामगृहाच्या कडुनिंबात पिंगळ्याची जोडी राहते. दिवेलागणीला ढोलीबाहेर आली आणि चिरक्या आवाजात कलकल सुरू झाली. उद्या डोंगरात जायचं, म्हणून आज मुद्दाम यांनाच नीट न्याहाळलं. माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण, पाठीवर ठिपके, मानेमागे फिकट गळपट्टा. छातीपासून खालपर्यंत तपकिरी तुटक पट्ट्या. रानपिंगळा ओळखायचा तर आधी हा पक्षी पाठ हवा. दोघांच्या लांबीत फरक जेमतेम दोन सेंटीमीटरचा, २१ आणि २३. उंच झाडाच्या शेंड्यावर तो कुणाला कळणार?

९ फेब्रुवारी, तोरणमाळ

साग बराचसा उघडा झालाय. पाचोळ्यावर पाय पडला की सगळ्या रानाला कळतं. दुपारी दरीतून जंगली पिंगळ्याचा आवाज आला: आधी सावकाश, मग भराभर, आणि एकदम बंद. थोड्या वेळाने तो दिसलाही. त्याच्याबद्दल घोटाळा होऊ नये, कारण त्याच्या अंगावर ठिपके नसून डोक्यापासूनच बारीक आडव्या रेघा असतात.

रात्री वीज गेली, टॉर्चच्या उजेडात टिपणं चाळली. १८७२ मध्ये ब्ल्यूइट यांनी आजच्या छत्तीसगडातल्या बसना भागात रानपिंगळा मिळवला, १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी याच खानदेशातून नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र शतकाहून अधिक काळ एकही खरी नोंद नाही. मधे एक होती: कर्नल मायनर्टझागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचा दावा केलेला नमुना. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच निघाला! ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. मला या माणसाचा मनापासून राग येतो. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक भलत्याच जागी शोधत राहिले, आणि पक्षी इथे सातपुड्याच्या पायथ्याशी होता.

२५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळच्या रानात तो सापडला. बेन किंग यांना उघड्या झाडावर एक पिंगळा दिसला. सोबत रासमुसेन आणि डेव्हिड अॅबट होते. रासमुसेन यांनी संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांवरून त्याच्या खुणा आधीच पाठ केल्या होत्या. मेलेल्या पक्ष्यांचा इतका बारकाईने अभ्यास केल्यामुळे जिवंत पक्षी क्षणात ओळखता आला, याचं मला फार मोल वाटतं.

११ फेब्रुवारी

आज दिसला. चांगलं ऊन वर आलं होतं. सोबतचे वनमजूर दादा थांबले आणि हनुवटीने सागाचा शेंडा दाखवला. भर उजेडात, फांदीच्या टोकाला, शेपटी डावी-उजवीकडे झटकत बसलेला. पिंगळा सहसा दिवसा असा उघड्यावर बसत नाही, पण सवयीवरून पक्ष्याचं नाव ठरवायचं नसतं.

आधी माथा पाहिला. राखी-तपकिरी, जवळजवळ कोरा. पण एवढ्याने भागत नाही. लांबून, डोळ्यांवर ऊन असताना साध्या पिंगळ्याचे ठिपकेही पुसल्यासारखे दिसतात. छातीचा वरचा भाग गडद, सलग तपकिरी. डोकं अंगाच्या मानाने मोठं, चोच दणकट. तरी मी थांबलो, कारण मधली फांदी पोट झाकत होती. बऱ्याच वेळाने तो आमच्याकडे वळला आणि सगळं एकदम उलगडलं: पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पट्ट्या फक्त कुशीला, पाय बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी भरलेले, जणू लोकरीचे मोजे, नख्या जाड. मग तो खाली झेपावला. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे उघडले. पाचोळ्यातून सापसुरळी उचलून तो पुन्हा वर गेला.

दादा म्हणाले, “हा आमच्याकडे दिवसाच हिंडतो, साहेब.” त्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. पुस्तकांना कळायला फार वर्षं लागली.

१२ फेब्रुवारी

कालच्या जागेपलीकडे उतारावर नवीन तोड झालेली दिसली. ढोलीचं झाड गेलं की या पक्ष्याचं घरच जातं. तोरणमाळनंतर मेळघाटातही तो सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ यादीत आणलं. याने सुस्तावायचं कारण नाही. प्रौढ पक्षी जेमतेम हजाराच्या आत असावेत, असा अंदाज आहे. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणाऱ्यांचा मला संताप येतो, विशेषतः ऐन विणीच्या दिवसांत. ढोलीची जागा मी या वहीतही लिहिलेली नाही.

संध्याकाळी परतताना रस्त्याकडेच्या ऐनावर एक छोटा पिंगळा पाठमोरा बसला होता. माथा कोरा वाटला. दादा म्हणाले, “लिहा ना, तोच आहे.” मी म्हटलं, “दादा, छाती कुठे दिसली? पोट, पाय?” आम्ही गाडी बंद करून अंधार पडेपर्यंत थांबलो. तो वळला नाही, दरीकडे उडून गेला. पंखांवरचे पट्टेही त्या उजेडात कळले नाहीत. मी लिहिलं: ‘लहान पिंगळा, एक, ऐनाच्या झाडावर, सायंकाळ. फक्त पाठ दिसली. जात नक्की नाही.’