आयव्हरी कोस्टवर लावलेले पैसे

नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात मी हिशेब सांभाळते. उचल मागायला कोण कधी येतं, यावरून मला फुटबॉलचा हंगाम कळतो. जानेवारी इथे तसाही ओढगस्तीचा. ख्रिसमसला गावी पैसे गेलेले असतात, पोरांच्या फिया तोंडावर असतात. 2024 च्या जानेवारीत त्यात आफ्रिका कपची भर पडली.

यजमान आयव्हरी कोस्ट. केनियाचा संघ त्यात नव्हताच. फिफाने घातलेल्या बंदीमुळे पात्रता फेरीही हुकली होती. पण मोबाइलवरून पैसे लावायला आपला देश मैदानात असावा लागत नाही. एम-पेसा या मोबाइल पाकिटातून पन्नास-शंभर शिलिंग जातात, पाच-सात सामने एकाच स्लिपवर जोडले जातात आणि त्यांच्या भावांचा गुणाकार होतो. या लांबलचक स्लिपला पोरं ‘म्केका’, चटई म्हणतात. एक सामना चुकला की चटई फाटली.

आमच्या एका तरुण ड्रायव्हरने मला त्याची चटई दाखवली. सात सामने, प्रत्येकाचा भाव साधारण 1.40. “मॅडम, सगळे तगडे संघ निवडलेत.” पन्नास शिलिंगांचे सव्वापाचशे होणार होते. मी कागद घेऊन दुसरा गुणाकार मांडला. प्रत्येक संघ जिंकण्याची शक्यता शंभरात सत्तर धरली, तरी सातही जिंकण्याची शक्यता शंभरात जेमतेम आठ. शंभरदा असं खेळलं तर पाच हजार जातात आणि बेचाळीसशेच्या आसपास परत येतात. त्याने आकडे नीट तपासले, बरोबर आहेत म्हणाला आणि संध्याकाळी पुन्हा पैसे लावले. त्याला हिशेब कळत नव्हता असं अजिबात नाही. फीला कमी पडणारी रक्कम पगारातून निघणार नाही, हेही त्याला कळत होतं.

22 जानेवारीला ती चटई फाटली. इक्वेटोरियल गिनीने आयव्हरी कोस्टला त्यांच्याच आबिजान शहरात 4-0 ने हरवलं. दोन गोल कर्णधार एमिलिओ न्सुएचे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोरं आयव्हरी कोस्टच्या संघाला शिव्या घालत होती. आमचे स्टोअरकीपर, ज्यांना सगळे म्झे म्हणतात, मध्येच बोलायला लागले. 1993 मध्ये गॅबनच्या किनाऱ्याजवळ झांबियाच्या संघाचं विमान समुद्रात कोसळलं आणि त्यातलं कोणीच वाचलं नाही. 2012 मध्ये त्याच गॅबनमध्ये, लिब्रेव्हिलमध्ये, झांबिया अंतिम सामन्यात पोहोचला. समोर द्रोग्बाचं आयव्हरी कोस्ट. द्रोग्बाची पेनल्टी बारच्या वर गेली, सामना 0-0 राहिला आणि झांबियाने पेनल्टी शूटआउट 8-7 असा जिंकला. म्झे सांगत होते तेव्हा ड्रायव्हरने मोबाइल पालथा ठेवला होता.

मला सट्ट्याचा राग पैशांसाठी येतोच, पण म्झेंनी सांगितली तशी गोष्ट त्यात हरवते म्हणून जास्त येतो. 1957 मध्ये खार्टूमला ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला बाहेर ठेवून इजिप्त, सुदान आणि इथिओपिया हे तीनच देश खेळले. तोच दक्षिण आफ्रिका 1996 मध्ये यजमान म्हणून आला आणि जिंकला. एवढं मोठं काही पोरांच्या हातात 1.40 होऊन पोहोचतं.

4-0 च्या त्या पराभवानंतर आयव्हरी कोस्टने प्रशिक्षक काढला. मोरोक्कोने झांबियाला हरवलं म्हणून आयव्हरी कोस्टला बाद फेरीत जागा मिळाली. सहायक असलेल्या एमर्स फाएच्या हाती संघ आला. सेनेगलला पेनल्टींवर हरवलं. मालीविरुद्ध दहा खेळाडूंनिशी नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी आणि जादा वेळेत शेवटच्या क्षणी विजय. अंतिम सामन्यात नायजेरियाविरुद्ध 2-1, विजयी गोल सेबास्टियन हालेरचा, जो कर्करोगाच्या उपचारांतून परतला होता. आमच्याकडे एकानेही तेव्हा आयव्हरी कोस्टवर पैसे लावले नव्हते.

आता फीसाठी उचल मागितली तर रक्कम आम्ही थेट शाळेच्या खात्यात भरतो. मालकांना हे पटवायला वेळ लागला. ड्रायव्हर आधी नाराज होता. त्याच्या बायकोने मात्र फोन करून आभार मानले. 2027 च्या स्पर्धेचं यजमानपद केनिया, युगांडा आणि टांझानियाला मिळालं आहे. तिकिटासाठी उचल मिळेल का, असं म्झेंनी आत्ताच विचारून ठेवलंय. त्यांना मी हो म्हटलंय.