फुकटची बढती

कामठ्यासारख्या गांवीं राहणाऱ्यांनीं विमानांतील खुर्च्यांच्या वर्गांविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. गोंदिया जिल्ह्यांतील हें आमचें गांव धानाचें. पावसाळ्यांत चहूंकडे बांध्या पाण्यानें भरलेल्या आणि रोवणीच्या बायका त्यांत वांकून उभ्या. ज्यास इतिहास म्हणावा तो जुन्या जमीनदारीच्या काळींच घडून गेलेला. परंतु आमच्या शेजारीं बिरसी आहे आणि बिरसीस विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रज सरकारनें ही धांवपट्टी बांधिली. पुढें कित्येक वर्षें तिच्याकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं. २००५ च्या अखेरीस ती विमानपत्तन प्राधिकरणाकडे आली आणि नंतर तेथें वैमानिक शिकविणारी संस्थाहि निघाली. त्यामुळें आमच्याकडील मुलांनीं उतारूंचें विमान पाहण्याच्या कितीतरी आधीं शिकाऊ विमानांच्या घिरट्या पाहिल्या. मार्च २०२२ मध्यें इंदूर आणि हैदराबाद या शहरांशीं बिरसी जोडली गेली. ती सेवा फार टिकली नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें दुसऱ्या कंपनीनें हैदराबादचें विमान सुरू केलें.

तें विमान पंख्यांचें, ए. टी. आर. जातीचें, ७८ खुर्च्यांचें. आणि त्यांत वर्ग एकच. जेथें माडीच नाहीं तेथें माडीवर कोण कोणास बोलावणार? म्हणून खालच्या वर्गाचें तिकीट काढून वरच्या वर्गांत फुकट बसावयास मिळण्याचा जो योग, तो आमच्या बिरसीच्या पट्टीवर कोणाच्याहि पत्रिकेंत नव्हता. तरी गांवांत त्याची चर्चा मात्र होते. कारण आमचीं मुलें आतां पुण्यास, बंगळुरास आणि त्याहूनहि दूर असतात. दिवाळींत घरीं आलेला एखादा तरुण सांगतो कीं, या खेपेस आपणांस बिझनेस क्लासांत नेऊन बसविलें, पाय पसरून निजावयास मिळालें, कांचेच्या पेल्यांतून सरबत आलें; आणि ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या मनांत एकच प्रश्न उभा राहतो कीं, हें आम्हांस कसें मिळेल?

या बाबतींत ऐकीव विद्या पुष्कळ आहे. अंगांत कोट घालून जावें, म्हणजे खिडकीवरचा कारकून आपणांस मोठा माणूस समजतो, असें एक मत. सर्वांच्या शेवटीं जावें, असें दुसरें. सर्वांच्या आधीं जावें, असें तिसरें. नवें लग्न झाल्याचें सांगावें, असें चौथें. आणि हें चौथें मत ज्या गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें, त्यांच्या लग्नास बावीस वर्षें झालीं होतीं! यांपैकीं कोटाच्या उपायास एके काळीं अर्थ असेल. खिडकीवरील माणसाच्या हातीं अधिकार होता तोंवर त्याच्या डोळ्यांत भरण्याचा उपयोग होता. आतां ही यादी बहुधा संगणक करितो, आणि संगणकास कोट दिसत नाहीं.

मुळांत ही बढती निघते कोठून, तें पाहिलें पाहिजे. विमानाचें दार एकदां लागलें कीं आंतील रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. शिळ्या भाजीस संध्याकाळीं निदान अर्धा भाव येतो, पण उडून गेलेल्या खुर्चीस तोहि येत नाहीं. तिकीट काढून ऐन वेळीं न येणारे लोक प्रत्येक खेपेस थोडेफार असतातच. म्हणून कंपन्या जागांहून कांहीं अधिक तिकिटें विकतात. अंदाज बरोबर आला तर विमान नेमकें भरतें. तो चुकला आणि सारेच उतारू हजर झाले, तर खालच्या वर्गांत माणसें उरतात. त्यांस मागें ठेवावें तर भुर्दंड पडतो. आपल्याकडील नियम असा कीं, कंपनीनें आधीं स्वखुषीनें मागें राहणारा कोणी आहे काय हें विचारावें. कोणास त्याच्या इच्छेविरुद्ध ठेविलें आणि तासाभरांत सुटणारें दुसरें विमान दिलें नाहीं, तर मूळ भाडें व इंधनाचा आकार यांच्या दुप्पट रक्कम, १०,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत, त्यास द्यावी. चोवीस तासांहून अधिक खोळंबा झाल्यास चौपट, २०,००० च्या मर्यादेपर्यंत. अशा वेळीं वरच्या वर्गांत दोनचार खुर्च्या रिकाम्या असल्या, तर तितकीं माणसें वर चढवून खालीं जागा करणें स्वस्त पडतें. ज्यास आपण प्रसाद म्हणतों तो हाच. देणाऱ्याच्या मनांत त्या क्षणीं औदार्य नसतें, हिशेब असतो.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे उपायहि आपोआप सुचतात. जें विमान खालीं गच्च भरलेलें आणि वर मोकळें असेल, तेंच आपल्या कामाचें. सोमवारीं सकाळीं व शुक्रवारीं संध्याकाळीं कचेऱ्यांचीं माणसें वरच्या खुर्च्या अडवून बसतात; तेव्हां आशा करूं नये. सणासुदीस उलट घडतें. कचेऱ्या बंद, आणि मुलांबाळांसह निघालेलीं कुटुंबें मागच्या भागांत दाटीनें बसलेलीं. एकट्यानें प्रवास करणाऱ्यास संधि अधिक, कारण रिकामी खुर्ची बहुधा एकच असते आणि नवराबायकोंची ताटातूट करण्याची कंपनीस हौस नसते. कंपनीच्या नित्य प्रवाशांच्या यादींत नांव घालण्यास पैसा पडत नाहीं. तें घालावें, आणि तिकीट काढतांनाच आपला क्रमांक त्यावर नोंदवावा. दहा कंपन्यांतून दहा वेळां जाण्यापेक्षां एकीच्याच, किंवा तिच्या संघांतील भावंडांच्या, विमानांतून जावें. अगदीं स्वस्तांतल्या स्वस्त तिकिटाचा धनी रांगेंत शेवटीं असतो. आणि विमान भरलें आहे असें दिसलें तर खिडकीपाशीं एकदां शांतपणें म्हणावें कीं, आपणांस जागेची अडचण असेल तर मी पुढच्या विमानानें जाण्यास तयार आहें. त्याबद्दल काय देतां तें सांगा. दोनदां म्हणूं नये. हल्लीं मात्र कांहीं कंपन्या रिकाम्या खुर्च्यांचा प्रवासाच्या आधींच लिलाव मांडतात, आणि जें विकतां येतें तें फुकट कोण देईल? तेव्हां फुकटाचें क्षेत्र दिवसेंदिवस आकसत चाललें आहे.

पण वरील उपायांत एक मेख आहे. संगणक यादी करितो ती प्रवाशाच्या गरजेप्रमाणें नव्हे. ज्यानें कंपनीस आजवर अधिक पैसा दिला त्याचें नांव वर. महिन्यांतून चार वेळां उडणारा, ज्याचें तिकीट त्याची कचेरी काढते, तो आधीं. आणि जन्मांत एकदां निघालेली म्हातारी सर्वांच्या शेवटीं. पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. १९३२ सालीं टाटांचें पहिलें विमान कराचीहून मुंबईस आलें तें टपाल घेऊन. जून १९४८ मध्यें 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनास निघालें, त्या काळीं विमानप्रवास हाच मुळीं श्रीमंतांचा वर्ग होता. त्यांत पुन्हां वरखालीं करण्याची गरज नव्हती. १९५२ त अटलांटिकवरून स्वस्त भाड्याचा 'टूरिस्ट' वर्ग निघाला आणि विमानांत पडदा आला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस दोहोंच्या मध्यें बिझनेस क्लास बसला. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें नित्य प्रवाशांची खातेवही सुरू केली, आणि तेव्हांपासून प्रत्येक उतारूच्या माथ्यावर त्याचें मोल लिहिलेलें असतें. फक्त तें त्याला दिसत नाहीं.

आमच्या एका आत्याबाईंस बहात्तराव्या वर्षीं अमेरिकेस जाण्याचा योग आला. मुलगी तिकडे, आणि नातीचें बाळंतपण जवळ आलेलें. दोन्ही गुडघे जायबंदी. बिझनेस क्लासाचें भाडें ऐकून घरांतील सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें आणि विषय बदलला. तेव्हां त्यांच्या एका नातवानें युक्ति सांगितली: "आजी, खिडकीपाशीं गेलीस कीं गुडघा धरून जोरानें कण्हायचें. लाज वाटून ते तुला वर बसवितील." आत्याबाई म्हणाल्या, "मला चालवत नाहीं तें मी सांगेन. जास्तीचें कण्हणें माझ्यानें व्हायचें नाहीं." त्यांनीं तें स्वभावानुसार म्हटलें, पण व्यवहारदृष्ट्याहि तेंच शहाणपणाचें होतें. दुखण्यामुळें बढती मिळत नाहीं. उलट फार कण्हणाऱ्याकडे प्रवासास योग्य असल्याबद्दल डॉक्टरचा दाखला मागण्याचा संभव असतो, आणि तो जवळ नसला तर आहे ती खुर्चीहि जावयाची.

आम्हीं त्यांच्यासाठीं मागितलें तें निराळें होतें. ज्यास चालवत नाहीं त्यास विमानतळावर चाकांची खुर्ची मिळणें ही कृपा नव्हे, हक्क आहे. ती तिकीट काढतांनाच नोंदविली. वाटेलगतची जागा थोडे पैसे भरून राखून घेतली, म्हणजे दर दोन तासांनीं कोणास न उठवितां उठतां यावें. पुष्कळ लोक कृपेच्या मागें लागून हक्क विसरतात, असा आमचा अनुभव आहे. फुकटच्या बढतीच्या गोष्टी ज्यांस तोंडपाठ, त्यांस हें ठाऊक नसतें कीं, वरच्या वर्गाचे पैसे भरलेल्या माणसास कंपनीनें खालीं बसविलें तर देशांतर्गत प्रवासांत तिकिटाच्या किंमतीचे शेंकडा ७५ परत मिळण्याचा नियम २०२३ पासून आपल्याकडे आहे. बढती झाली तर सारा गांव ऐकतो. उतरंड झाली तर माणूस मुकाट्यानें बसतो.

आत्याबाई गेल्या आणि नीट पोंचल्या. पण तिकडून फोनवर त्यांनीं जें विचारलें त्याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. रात्रीं पाय मोकळे करण्यास त्या पुढें गेल्या, तेव्हां पडदा किंचित् सरकलेला होता. पलीकडे चार खुर्च्या रिकाम्या होत्या, निजावयाच्या. "त्या कोणाच्या रे?" "कोणाच्याच नाहींत." "मग गुडघेदुखीच्या माणसांना कां देत नाहींत? आपल्याकडे पानें मांडलेलीं असतां कोणी पाहुण्याला उभा ठेवतो का?"

आतां याचें अर्थशास्त्रीय उत्तर आहे, आणि तें आम्हांस ठाऊक होतें. रिकामी खुर्ची दर वेळीं फुकट वांटली तर तिचे पैसे कोण भरील? ती रिकामी उडाल्यानेंच तिचा भाव टिकतो. उत्तर बिनचूक आहे. पण आत्याबाईंनीं सारें आयुष्य पंगती वाढण्यांत घालविलें. मानाचें पान त्यांस मान्य आहे. व्याह्यास चांदीचें ताट द्यावें, इतरांस पत्रावळ, यांतहि त्यांस कांहीं वावगें दिसत नाहीं. मांडलेलें पान रिकामें ठेवून उपाशी माणसास त्याकडे पाहत बसविणें, एवढेंच त्यांच्या शास्त्रांत बसत नव्हतें. आम्हीं फोनवर खाकरून विषय बदलला.

आमच्या रेल्वेनें या बाबतींत विमानवाल्यांहून बरी बुद्धि दाखविली, असें आमचें मत आहे. गोंदियाचें स्थानक पाहत वाढलेल्या माणसाचा हा पक्षपातहि असेल. २००६ सालीं, लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असतां, तिकिटाच्या अर्जावर एक प्रश्न आला: वरच्या वर्गांत जागा असल्यास तुमचा विचार करावा काय? पूर्ण भाडें भरणाऱ्या कोणासहि तेथें होकार देतां येतो. गाडी सुटण्यापूर्वीं यादी होते तेव्हां वर जागा रिकाम्या असल्या, तर खालच्यांतील कांहीं वर चढविले जातात, आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागा प्रतीक्षायादींतील लोकांस मिळतात. जास्त पैसा नाहीं, ओळख नाहीं, कोट नाहीं. येथेंहि हिशेबच आहे. पण तो करितांना यंत्र तुमच्या मागील पन्नास प्रवासांची वही उघडून पाहत नाहीं. सवलतीच्या तिकिटास ही सोय नव्हती, म्हणून वृद्ध लोक बहुधा वगळले जात. मार्च २०२० मध्यें ज्येष्ठांची सवलत बंद झाली आणि त्यांस पूर्ण भाडें पडूं लागलें; या नुकसानींतून त्यांस बढतीची पात्रता तेवढी मिळाली. सौदा तोट्याचाच, पण कसा झाला पाहा.

सहा महिन्यांनीं आत्याबाई परत आल्या. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसनें थेट गोंदियास यावयाचें होतें. तिकीट थ्री-टियर वातानुकूलित डब्याचें. अर्जावरील होकार त्यांच्या नातवानें दिलेला होता, आणि संध्याकाळीं यादी लागली तेव्हां त्यांचें नांव टू-टियरमध्यें निघालें. सातासमुद्रांवर जें झालें नाहीं तें मुंबईच्या फलाटावर झालें. आम्हीं गोंदियास त्यांस उतरवून घेण्यास गेलों तो त्या भलत्याच डब्यांतून उतरल्या. चौकशी करितां कळलें कीं, वरच्या वर्गांत प्रत्येकजण आपापला पडदा ओढून निजला होता आणि सकाळपर्यंत त्यांच्याशीं कोणी एक शब्द बोललें नाहीं. तेव्हां नागपूर येण्यापूर्वींच त्या आपला पहिला डबा हुडकीत गेल्या. त्यांच्या मूळच्या जागेवर तुमसरचा एक पोरगा बसलेला होता. त्याचें तिकीट प्रतीक्षायादींतलें होतें, आणि यादी लागेपर्यंत आपण गाडींत असूं कीं नाहीं हें त्यास ठाऊक नव्हतें. "माझी जागा तुला मिळाली ना," असें म्हणून त्यांनीं त्यास अमेरिकेचें चॉकलेट दिलें, शेजारीं सरकून बसावयास लाविलें, आणि तुमसर येईपर्यंत नातीच्या बाळंतपणाची सारी हकीकत त्यास ऐकविली.