झाकण

परवा सकाळी ठमीच्या काचेच्या पेटीचं दार सरकवलं आणि आजीच्या माजघरातला श्रावण नाकात शिरला. कुबट, किंचित गोडसर, भिजलेल्या गोणपाटासारखा वास. तोही मँचेस्टरमध्ये, हीटर चालू असलेल्या खोलीत. कॉर्कच्या सालीखाली पांढरी लव दाटली होती, कालच्या पपईच्या फोडीवर राखाडी केस आले होते आणि ठमी त्या फोडीकडे मान लांबवून बसली होती. मी आधी फोड उचलली, मग तिला.

ठमी रेडफूट कासव आहे. तिचं कूळ दक्षिण अमेरिकेतल्या दमट मुलखातलं, त्यामुळे तिला ओल लागतेच. दुकानदारानं सांगितलं होतं, दिवसातून दोनदा फवारा मारा आणि दार घट्ट लावून ठेवा. मी इमानानं तसं करत राहिले. त्या माणसावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, कारण त्यानं अर्धंच खरं सांगितलं. घाबरून पेटी कोरडी ठेवावी, तर वाढत्या कासवाची पाठ बिघडते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सल्काटा कासवाची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवली होती. सल्काटा तर आफ्रिकेच्या रखरखीत पट्ट्यातलं. तरीही त्यांच्या पाठीवर टेंगळं येण्यामागे आहारातल्या प्रथिनांपेक्षा कोरडी हवाच मोठं कारण ठरली. म्हणजे ओल सोडायची सोय नाही.

बुरशीला ओल हवी, खायला काहीतरी हवं आणि साचलेली हवा मिळाली की तिचं चांगलंच फावतं. मातीत, पाल्यात, लाकडात तिचं अन्न असतंच. माझ्या हातात उरली ती हवा.

आजी म्हणायची, “ओल असूंदे गो, कोंडू नको.” पावसाळ्यात तासाभराची उघडीप मिळाली तरी ती घराची सगळी दारं-खिडक्या सताड उघडायची, गोधड्या पडवीत आणायची. आणि मग मला विहीर आठवते. दरवेळी विहीरच आठवते.

दापोलीकडच्या आमच्या घरामागे ती होती. तिच्या कडांना बारा महिने शेवाळ आणि नेचे असायचे, पण तिथे कुबट वास कधी आला नाही. आत एक कासव होतं. पोहरा पाण्यावर आपटला की ते बाजूला सरकायचं. पुढे नळ आला आणि काकांनी विहिरीवर स्लॅब घातली. मी अकरा वर्षांची होते. “आणि कासव?” मी विचारलं. गवंडी सिमेंट कालवत होता. कुणीच उत्तर दिलं नाही. आजीसुद्धा काही बोलली नाही. रात्री ती मूठभर भात घेऊन मागच्या दारी गेली. मला वाटलं, मांजरासाठी.

विहिरीतल्या त्या कासवावरून वाचलेलं आणखी एक कासव आठवतं. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्र्याच्या आत्याकडे टिमोथी नावाचं कासव होतं. आत्या वारली, तेव्हा मार्च 1780 मध्ये व्हाइटनं ते हिवाळी झोपेतून उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांवर सेलबर्नला आणलं. गाडीच्या हादऱ्यांनी ते जागं झालं, बागेच्या टोकापर्यंत दोनदा चालत गेलं आणि संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत शिरलं. व्हाइट त्याच्या बारीकसारीक नोंदी ठेवायचा. तरी ती मादी आहे हे कळलं तिच्या मृत्यूनंतर. कासवाजवळ वर्षानुवर्षं राहूनही माणसाच्या नजरेतून किती निसटतं, या विचारानं मला ते वाचलं त्या दिवशी गलबलून आलं.

मी पेटी नव्यानं लावली. एका बाजूला तळाशी आणि समोरच्या बाजूला वर जाळ्या बसवल्या, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल आणि खालून ताजी आत येईल. वरून फवारा मारणं थांबवलं. आता पाणी कोपऱ्यातून हळूहळू ओतते. खालची माती ओली राहते आणि वरचा पाला जवळपास कोरडा. उरलेलं फळ संध्याकाळच्या आत काढते. मातीत स्प्रिंगटेल सोडले, तिळाहून बारीक पांढरे जीव. ते बुरशीच खातात. नव्या लाकडावरची पांढरी लव बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, तिला भ्यायचं कारण नाही. कोपऱ्यातल्या जास्वंदीला कळी आली आहे. फूल उमललं की ते ठमीचं.

रविवारी काकांना फोन केला. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं.

“अगो, तेव्हा आईनं गवंड्याचा हात धरला,” काका म्हणाले. “कोपऱ्यात वीतभर भोक ठेवल्याशिवाय स्लॅब घालू देईना. वर जाळी घाल म्हणाली. मी वैतागलो होतो तिच्यावर.”

“आणि भात?”

“तो त्या जाळीतूनच टाकायची की. शेवटपर्यंत.”

सुट्टीत कितीदा त्या स्लॅबवर बसून मी कैऱ्या खाल्ल्या आहेत. कोपऱ्यातली जाळी मला कधी दिसली नाही.