आज मैदान बंद आहे

यवतमाळ जिल्ह्यात गोल्फचं मैदान नाही, हे आधीच सांगून टाकते. सोळा तालुके आहेत, कापूस आहे, तूर आहे, टिपेश्वरला वाघ आहेत, गोल्फ नाही. तरीही गेली काही वर्षं माझा पगार गोल्फमधून येतो. मी ज्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते ती अमेरिकेतल्या गोल्फच्या मैदानांना पाणी किती आणि कधी द्यायचं याचा हिशेब करून देते. जमिनीत सेन्सर, वर हवामानाचा अंदाज, मध्ये माझा कोड. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आले ती इथेच राहिले, त्यामुळे हा सगळा हिशेब आर्णी रोडवरच्या एका घराच्या माडीवरून चालतो.

आमचे ग्राहक म्हणजे तिथले गोल्फ कोर्स सुपरिंटेंडंट. आईला हे समजावताना पंचाईत झाली. आपल्याकडे सुपरिंटेंडंट म्हणजे पोलिसांचा नाहीतर होस्टेलचा. मी म्हटलं, "मैदान सांभाळणारा माणूस." ती म्हणाली, "म्हणजे माळीच ना?" मी हो म्हटलं आणि मग बराच वेळ ते 'हो' मला टोचत राहिलं.

कारण त्या माळ्यांची तिकडे संघटना आहे. 1926 साली ओहायो राज्यात साठेक मैदानवाले एकत्र आले आणि त्यांनी ती काढली. तेव्हा त्यांना 'ग्रीनकीपर' म्हणत. आज त्यांच्यासाठी विद्यापीठांत गवताच्या शास्त्राचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, नियतकालिक आहे. आणि एक रीत आहे, जिच्यामुळे मी हा लेख लिहिते आहे: यंत्रं, बियाणं, सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांची माणसं या लोकांना भेटायला जातात. विकायला जातातच, पण नुसतं बसायला, ऐकायलाही जातात. आमच्या कंपनीनं मला कामासाठी एकदा तिकडे बोलावलं, तेव्हा अशाच एका भेटीला मीही गेले होते.

कॅरोलायनातलं मैदान, नोव्हेंबरची पहाट. सुपरिंटेंडंट साठीचा, मितभाषी. पहाटे पाचला हजर. ग्रीनवरचं गवत तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापायचं, झेंड्याचं भोक रोज नव्या जागी पाडायचं (व्यास सव्वाचार इंच, जगभर तोच), जुनं बुजवायचं. चेंडू ग्रीनवर किती वेगानं धावतो हे मोजायची एक पट्टी असते, स्टिम्पमीटर. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या गोल्फरनं 1935 मध्ये ती शोधली. एका टोकाकडून उचलायची, चेंडू घरंगळतो, किती फूट गेला ते मोजायचं. इतकं साधं यंत्र पाहून मला माझ्या डॅशबोर्डची जरा लाजच वाटली.

पण लक्षात राहिलं ते वेगळंच. त्या दिवशी गवतावर हिमाचा पातळ थर होता. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात आणि दुपारपर्यंत तिथे काळे ठसे उमटतात. बाहेर चाळीस-पन्नास सभासद गाड्या लावून उभे. त्यांत डॉक्टर, वकील, क्लबचे पदाधिकारी. या माणसानं वॉकीटॉकीवर एक वाक्य सांगितलं आणि सगळे थांबले. दीड तास. कुणी येऊन भांडलं नाही. क्लबात कॉफी पीत बसले. त्याच्या हातातली खरी सत्ता कापणी यंत्र नव्हती. 'आज आत्ता नाही' हे वाक्य होतं.

दुसरी गोष्ट फवारणीची. त्याच्या खोलीत भिंतीवर राज्य सरकारचा फवारणीचा परवाना टांगलेला होता. परीक्षा देऊन मिळालेला, ठरावीक काळानं नूतनीकरणाचा. फवारल्यावर किती तास कुणी आत यायचं नाही, हे कागदावर. आमच्याकडे 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विसाहून जास्त शेतकरी-मजूर गेले. मी तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगला होते. गावाकडून फोन आला की आधी दवाखान्याचीच बातमी असायची. तो परवाना पाहताना मी गप्प झाले. त्याला वाटलं मला कंटाळा आला.

आणि गवत! त्या हिरव्यागार गालिच्याचं नाव बर्म्युडा. म्हणजे आपली हराळी. संकरित जाती केल्यात, जॉर्जियातल्या टिफ्टन गावावरून टिफवे, टिफड्वार्फ अशी नावं दिलीत, पण मूळ तेच. माझे आजोबा हराळी खणून काढता काढता म्हातारे झाले. गणपतीला वाहतो तेव्हा ती दूर्वा, शेतात आली की हराळी, आणि तिकडे तिच्यासाठी एक अख्खा व्यवसाय.

परत आल्यावर मी ठरवलं, इथली मैदानं सांभाळणाऱ्यांना भेटायचं. गोल्फ नसलं तरी क्रिकेट आहे, आणि खेळपट्टी सांभाळणं हे ग्रीन सांभाळण्याच्या सगळ्यात जवळचं काम. काही महिने रविवारी बाहेर पडले, कधी स्कूटीवर, कधी एसटीनं. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, एकदा वणी. बऱ्याच ठिकाणी असा माणूसच नव्हता. मैदान आहे, त्यावर मुरूम आहे, मध्ये मॅट टाकायला सिमेंटचा पट्टा आहे, झालं. पण चार-पाच ठिकाणी मातीची खेळपट्टी होती आणि तिच्यामागे एक माणूस होता. हुद्दा कुठे शिपाई, कुठे रोजंदारी, कुठे 'ग्राउंडवाले काका' एवढाच.

यातल्या एका काकांबद्दल सांगते. तालुक्याचं गाव, नाव नको. एकोणीस वर्षं तिथेच. मी कंपनीचा ओलावा मोजणारा सेन्सर नेला होता, त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि खिशातून घराची किल्ली काढली. खेळपट्टीत खुपसली, बाहेर काढली, टोकाला लागलेली माती चिमटीत चोळली. "उद्या सकाळी रोलर," म्हणाले. मग माझं यंत्र लावून पाहिलं. आकडा आला, पण त्या आकड्यावरून उद्या सकाळी की परवा, हे मला सांगता आलं नसतं.

"वाफसा येऊ द्या लागते, ताई. आंधी फिरवला तं माती रोलरले चिकटते. उशीर केला तं दगड होते."

वाफसा! मी चार वर्षं ज्या गोष्टीसाठी ग्राफ काढते आहे तिला माझ्या आजोबांच्या भाषेत तीन अक्षरी शब्द होता. पाऊस पडून गेला, पाणी मुरलं, आता जमीन ना चिखल ना ढेकूळ, पेरता येईल अशी झाली की वाफसा. इंग्रजीत याच्या जवळपासची संज्ञा आहे, पण ती प्रयोगशाळेतली. तिच्यात वाट पाहणं नाही.

आमची माती काळी, कपाशीची. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यातली चिकणमाती हेच खेळपट्टीचं बळ: नीट दाबली तर चेंडू उसळतो, नाही तर गुडघ्याखाली राहतो. मुंबईच्या वानखेडेवर तांबडी माती, नागपुरात काळी. दोन्हींचे स्वभाव वेगळे. काका तळ्याचा गाळ आणतात, चाळतात, भेगा हातानं भरतात. बावीस यार्ड लांब, दहा फूट रुंद एवढ्या तुकड्यासाठी. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळात निळोणा, चापडोह आटले आणि लोक टँकरमागे धावत होते. त्या दिवसांत त्यांच्या गावातही पाण्याची ओढ होती. तेव्हा काय केलंत, विचारलं. "काई नाई. मरू देल्लं. लोकाईले प्याले नाई, तं मी ग्राउंडले कसं देऊ? पावसाळ्यात परत केलं." हिशेब करणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्याकडे यावर प्रश्न नव्हता.

या कामाची गंमत अशी की चांगलं झालं की कुणाला दिसत नाही. नागपूरचंच घ्या. 2004 च्या ऑक्टोबरात व्हीसीएच्या जुन्या मैदानावर खेळपट्टीवर गवत राहिलं, भारत ऑस्ट्रेलियाकडून 342 धावांनी हरला, मालिका गेली, आणि खापर गवतावर. 2015 मध्ये जामठ्याला चेंडू पहिल्या दिवसापासून वळला, दक्षिण आफ्रिका 79 वर गारद, कसोटी तीन दिवसांत संपली, भारत जिंकला, आणि आयसीसीनं खेळपट्टीला 'खराब' असा शेरा दिला. गवत ठेवलं तरी शिव्या, काढलं तरी. विदर्भानं तीनदा रणजी करंडक जिंकला, त्यातले दोन अंतिम सामने जामठ्याच्याच मैदानावर झाले. ती माती कुणी दाबली, हे मला एकाही बातमीत वाचल्याचं आठवत नाही. हल्ली थोडं बदलतंय. 2022 च्या आयपीएलनंतर बीसीसीआयनं सहा मैदानांच्या क्युरेटर आणि कर्मचाऱ्यांना मिळून सव्वा कोटी दिले. 2023 च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात सिराजनं सामनावीराची रक्कम कोलंबोच्या मैदान कर्मचाऱ्यांना दिली. छानच झालं. पण बक्षीस हे बक्षीस असतं. ते खेळ संपल्यावर मिळतं. मैदानवाल्याला ज्याची गरज असते ते खेळ सुरू होण्याआधी लागतं.

काकांच्या मैदानाचंच पाहा. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिथे दहा दिवसांचं प्रदर्शन नुकतंच उठलं होतं. पाळणे, भांड्यांचे स्टॉल, चायनीजच्या गाड्या. खेळपट्टीवर पेंडॉलच्या खांबांची अकरा भोकं (मी मोजली), एका कोपऱ्यात तेलाचा काळा डाग. जिल्ह्याची शालेय स्पर्धा अठरा दिवसांवर.

"तुम्हाला विचारलं नव्हतं?"

"मले कोन इचारते, ताई? सकाळी आलो तं सब्बल चालू व्हती."

समितीचे लोक वाईट नव्हते. मैदानाला उत्पन्न लागतं, वीजबिल त्यातूनच भरतं, हेही खरं. मी त्यांना भेटले तेव्हा त्यांनी चहा दिला, 'आयटीवाल्या ताई' म्हणून फोटो काढला, आणि सेन्सर दान द्याल का विचारलं. मी म्हटलं, सेन्सर नको, मैदान भाड्यानं देता त्या अर्जात एक ओळ घाला: मधल्या चौकोनात खांब, चूल, वाहन नाही, आणि तारीख ठरण्याआधी ग्राउंडवाल्याची सही. पहिल्या भागाला सगळे लगेच तयार झाले. दुसऱ्यावर शांतता पसरली. एक जण हसून म्हणाले, "शिपायाच्या सहीनं अध्यक्षांचा कार्यक्रम ठरणार का?" तो प्रश्न त्यांना विनोद वाटला होता. मला कॅरोलायनातले ते गाड्या लावून उभे असलेले पन्नास लोक आठवले. त्यांच्यातही अध्यक्ष असेल.

चार चकरा झाल्या. शेवटी अर्ज बदलला. सहीच्या जागी 'मैदान कर्मचाऱ्याचा अभिप्राय' असं आलं, म्हणजे बंधन नाही, पण रकाना आहे. पगार तोच, रोजंदारी तीच. स्पर्धा तेवढी झाली. अकरा भोकं काकांनी गाळ ठोकून भरली, एका टोकाला चेंडू जरा खाली राहत होता असं पंच म्हणाले.

मी अजून जाते. आमच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, तू तिथे नेमकं काय करतेस? सांगण्यासारखं फार नाही. एक वही केली आहे, त्यात काका कधी पाणी दिलं, कधी वाफसा आला, कधी रोलर फिरवला हे सांगतात आणि मी लिहिते. एकोणीस वर्षं ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं. परवा त्यांचा फोन आला. लग्नाचं बुकिंग होतं, अर्ज त्यांच्याकडे आला होता, रकान्यात काय लिहायचं ते विचारत होते. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

"पाऊस पडून गेला हाये. चार दिस कोनी आत नाई, असं लिहू?"

"लिहा."

थोडा वेळ नुसता पेनचा आवाज आला असावा. मग म्हणाले, ताडपत्री फाटली आहे, पुण्याकडे जाणं झालं तर भाव विचारून ठेवा.