माळमड्डीचं घर आणि तीन एजंट

धारवाडात जुनं घर आणि स्वतः मात्र पुण्या-बेंगळुरूला, असे आपल्यात बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माळमड्डीतलं आमचं घर बाबांनी १९६८ साली बांधलं. रेल्वेची नोकरी, डोक्यावर कर्ज. मंगळुरी कौलं, पुढं पडवी, मागं आड आणि चिकूचं झाड. बाबा २०१९ मध्ये गेले, आई २०२३ मध्ये. मी पुण्यात, धाकटा बेंगळुरूत, अक्का बेळगावात. घराला कुलूप. पावसाळ्यात शेजारच्या काकांचा फोन यायचा, "अरे, स्वयंपाकघरात पाणी आलंय." शेवटी आम्ही दोघा भावांनी ठरवलं, विकायचं.

दोघा भावांनी, हे मुद्दाम लिहितोय. आईच्या तेराव्याला घरात बोलाचाली झाली. अक्का "मला काही नको" म्हणाली आणि तडक बेळगावची बस धरली. ते वाक्य आम्ही सोयीनं धरून ठेवलं. पुढं दीड वर्ष तिला एक फोन नाही.

पहिला एजंट हुबळीचा. ऑफिसात एसी, भिंतीवर नकाशे. घर न बघताच म्हणाला, "एक कोटी साठ लाख कुठं गेले नाहीत." अट एकच, वर्षभर दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. मी विचारलं, "अलीकडं आमच्या भागात या भावानं कुठलं घर गेलं?" त्यावर तो आयआयटी, हायकोर्टाचं खंडपीठ, हुबळी-धारवाडची बस, सगळं सांगत बसला. घर एकही सांगितलं नाही.

दुसरा मेव्हण्याच्या ओळखीचा, अगदी गोड बोलणारा. "साहेब, पुण्याहून सारखं कशाला यायचं? माझ्या नावानं पॉवर करून द्या, सगळं मी बघतो." धाकट्याला पटलं. मी वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, "खुळा आहेस का? त्या कागदावर तो तुमच्या वतीनं सही करणार, पैसेही घेणार. भाव काय लावला हे तुला नंतर कळणार. पॉवर द्यायचीच तर घरच्या माणसाला दे, तीही काय काय करायचं ते लिहून."

तिसरे काकांनी पाठवलेले. सत्तरीला आलेले, जुनी स्कूटर. घरात न शिरता पडवीच्या कट्ट्यावर बसले.

"उतारा कुणाच्या नावावर आहे?"

"बाबांच्या."

"मृत्युपत्र?"

"नाही. आईचंही नाही."

"भावंडं किती?"

"दोघं भाऊ."

"आणि बहिणी?"

"एक आहे. पण तिला काही नको आहे."

"तोंडी का कागदावर?"

मी गप्प. ते म्हणाले, "सर, रागावू नका. बापानं स्वतः कमावलेलं घर, मृत्युपत्र नाही, म्हणजे मुलीचा वाटा मुलाएवढाच. लग्न झालं म्हणून जात नाही. हे २००५ चं नव्हे, १९५६ पासूनचं आहे. गिऱ्हाईक मी आणतो. अक्कांना तुम्ही आणा. तोवर मी कुणाला दार दाखवणार नाही. इसार घेतल्यावर गिऱ्हाइकाचा वकील हेच विचारणार. मग शोभा तुमचीच की ओ."

वर भावही सांगितला, एक कोटी दहा लाखांच्या आसपास. "कौलांना कोण पैसे देतं? जागेचे येणार."

मला राग आला. पन्नास लाख कमी सांगतो आणि वर घरातलं विचारतो! रात्री त्याच घरात झोपलो, पण झोप कुठली. सकाळी अक्काला फोन लावला.

सगळं ऐकून ती म्हणाली, "एजंटनं सांगितलं म्हणून फोन केलास होय?"

खोटं बोलवेना. "होय," म्हटलं.

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो तरी शहाणा दिसतोय. रविवारी येते."

आली. वाट्याचं काही बोलली नाही, केरसुणी घेऊन स्वयंपाकघर झाडायला लागली. झाडता झाडता म्हणाली, "चार वर्षं आईसाठी बेळगाव-धारवाड करत होते. तुला काय हवं असं तुमच्यापैकी कुणी एकदा विचारलं असतं, तर काही नको म्हटलं नसतं." आम्हा दोघांनाही वर बघवेना.

सरळ तीन वाटे केले. वारसा नोंद, ईसी, ई-खाता यात सात महिने गेले. त्या सात महिन्यांत त्या गृहस्थांनी एक रुपया मागितला नाही. गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर गळतं हे त्यांनीच आधी सांगितलं. घर एक कोटी चौदा लाखांना गेलं. दोन टक्के रजिस्ट्रीच्या दिवशी घेतले, पावतीसह.

मंडळी, एजंट बघताना भाव शेवटी विचारा. आधी तो कुठले कागद मागतो ते बघा. अलीकडं कुठलं घर कितीला विकलं ते विचारा. पैसे कधी घेणार ते लिहून घ्या. आणि तुम्हाला नको असलेला प्रश्न जो विचारतो, त्याला लगेच घालवून देऊ नका.

रजिस्ट्री झाल्यावर आम्ही तिघं भावंडं लाइन बाजारात गेलो. अक्कानं पेढ्याचे चार डबे घेतले. तीन आमचे. चौथा कुणाचा, हे विचारावं लागलं नाही.